शिडीचं वचन

पिकाडा नोवा, ६ मार्च १९८८

प्रिय हारो,

तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते, कारण आज मला माझंच सांगायचंय. माझी रविवारची शाळा बंद होतेय.

आमच्याकडे नवी पाद्रीण आलीय हे मागच्या पत्रात कळवलं होतं. मार्लीझ नाव, वय एकोणतीस, पायात गमबूट, आणि मोटारसायकलवरून घरोघर हिंडते. स्वभावाने वाईट नाही. परवा माझ्याकडे येऊन कुक्याचे तीन तुकडे खाल्ले, केकवरचा साखरेचा चुरा बशीतून बोटाने टिपला आणि चौथ्या तुकड्याकडे हात नेत म्हणाली, "इझोल्डबाई, एक सुचवू का? आपली मंडळी त्रेपन्न माणसांची. मुलं तुमच्या खोलीत, तरुण आपापल्या घरी, म्हातारे बाकावर डोळे मिटून. सगळ्यांनी एकत्र बसून शिकलं तर?"

मी म्हटलं, "शिकायचं असतं मुलांनी. मोठ्यांचं शिकून झालेलं असतं."

"कुणाचं?" तिने विचारलं, आणि चौथा तुकडा उचलला.

हारो, एकेचाळीस वर्षं मी हा वर्ग चालवतेय. खोली मुलांनी भरलेली असते. अर्ध्या गावाला दहा आज्ञा मी पाठ करून घेतल्या. आणि आता म्हणे गट पाडायचे, तेही वयाप्रमाणे नाही, वाढदिवसाच्या महिन्याप्रमाणे. माझ्या गटात कोण आलंय ऐक. ब्याऐंशी वर्षांचे ओटो, मधमाश्यांवाले, ज्यांना फक्त डाव्या कानाने आणि फक्त जर्मन ऐकू येतं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा वाल्मोर, जो नाताळलाही उशिरा येतो. आणि कोलबर्गांची ताईस, वय तेरा, जी प्रत्येक वाक्याला "पण का?" म्हणते.

तू तिकडे मोठ्या मंडळीच्या शिक्षण समितीचा अध्यक्ष आहेस. मी काय करू ते कळव. तुझं पत्र मी पंचांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा वजनदार लिही.

तुझी,
इझोल्ड


पोर्तो आलेग्रे, १५ मार्च १९८८

प्रिय इझोल्ड,

तुझं पत्र वाचून चष्मा काढून ठेवावा लागला. पस्तीस वर्षं लोकांना चष्मे विकले, पण एवढं अस्पष्ट काही वाचलं नव्हतं. वाढदिवसाच्या महिन्याप्रमाणे म्हणजे काय? उद्या बुटाच्या मापाप्रमाणे बसवतील.

बैठकीत हे वाचून दाखव. मी, हारो ब्रांट, गेली एकोणीस वर्षं समितीचा अध्यक्ष या नात्याने सांगतो की धर्मशिक्षणाचा पाया एकच, पाठांतर. आधी पाठ, मग अर्थ. अर्थ नाही आला तरी पाठ राहतंच. चौदाव्या वर्षी दृढीकरणाच्या दिवशी आपण सगळे अख्ख्या मंडळीसमोर उभे राहिलो, पाद्रीबुवांनी विचारलेलं घडाघडा म्हणून दाखवलं, मगच त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याला मंडळीचे पुरते सभासद मानलं. तेव्हा लाड नव्हते. माझ्या दृढीकरणाच्या दिवशी माझा एकही शब्द चुकला नाही, आणि त्या एका सकाळीवर मी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

ठाम राहा. त्या ताईसला सांग, "का?" हा प्रश्न प्रश्नोत्तरीत छापलेला असेल तरच विचारायचा.

तुझा भाऊ,
हारो


पिकाडा नोवा, १८ एप्रिल १९८८

प्रिय हारो,

तुझं पत्र बैठकीत वाचलं. सगळे फार प्रभावित झाले आणि मग नव्या पद्धतीच्या बाजूने मत देऊन मोकळे झाले. माझं एक मत विरुद्ध. ओटोंनी दोन्ही वेळा हात वर केला.

पहिला एकत्र वर्ग ईस्टरनंतरच्या रविवारी झाला. पाद्रीणबाईंनी येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला निवडला आणि आमच्या गटाला म्हणाल्या, "नुसता वाचू नका, करून दाखवा." वाल्मोर उठला, बाहेर गेला आणि स्वतःची मेंढी घेऊन आला. पाद्रीणबाईंनी तिला पटांगणात बांधायला सांगितलं. ताईस म्हणाली, "बांधली तर ती हरवणार कशी?" हे सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं, ते मी मान्य करते.

मेंढी मक्यात शिरली आणि हरवली, ती खरोखरची. दाखल्यात एक मेंढपाळ असतो, इथे त्रेपन्न माणसं उपासनेच्या कपड्यांत मक्यातून ओरडत फिरत होती. महिला मंडळाच्या एर्नाबाईंचा एक बूट चिखलात राहिला तो अजून सापडलेला नाही. मी ओटोंबरोबर होते. ते दर दहा पावलांवर विचारत होते, "आपण कोणाला शोधतोय?" मी ओरडून सांगायची, "मेंढीला." ते म्हणायचे, "हो, मला वाटलं पाद्रीणबाईंना."

दोन तासांनी मेंढी कॅथलिकांच्या चर्चमागे सापडली. त्यांचा वार्षिक सण होता आणि शेगड्या पेटलेल्या होत्या. मेंढी एका शेगडीशेजारी शांत उभी होती. त्यांच्या फादरनी आम्हा सगळ्यांना जेवायलाच बसवलं. ताटात काय आहे हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही, आणि वाल्मोरने जेवताना मेंढीला आपल्या पाठीमागे उभं केलं, तिला दिसू नये म्हणून.

परत येताना ताईसने मला विचारलं, "मावशी, मेंढपाळाने एकीला शोधायला नव्याण्णव सोडली, तर त्या नव्याण्णवांकडे कोण बघत होतं?" एकेचाळीस वर्षं मी हा दाखला शिकवतेय आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. मी तिला सांगितलं की हे पुढच्या वर्षीच्या अभ्यासात आहे.

आता तुझ्याकडे काम आहे. पेंटेकॉस्टच्या सणाला चर्चच्या भिंतीवर आम्ही प्रत्येकाचं दृढीकरणाचं वर्ष आणि त्या दिवशी मिळालेलं पवित्र शास्त्रातलं वचन लावतोय. पिकाडा नोवात जन्मून बाहेर गेलेल्यांचंही. तुझं दृढीकरण काकांच्या गावी झालं, तू तिकडे खोगीर शिवायला शिकत होतास आणि नदीला पूर आल्याने आपल्याकडचं कुणी येऊ शकलं नव्हतं, म्हणून इथल्या वहीत तुझी नोंद नाही. मी सगळ्यांना सांगितलंय की तुझा एकही शब्द चुकला नव्हता. तुझं वचन भिंतीवर मधोमध लावायचं ठरलंय. लगेच पाठव.

इझोल्ड


पोर्तो आलेग्रे, २ मे १९८८

प्रिय इझोल्ड,

उत्तराला उशीर झाला. पाठ धरली होती. शिवाय टपाल.

माझं वचन भिंतीवर नसलं तरी चालेल. मधोमध तर नकोच. ओटोंचं लावा, वयाने मोठे आहेत.

तुझा,
हारो

ता. क. पत्र टाकायच्या आधीच तुझी तार मिळाली, "वचन पाठव". तेव्हा पाठवतो. "जो आपली शिडी नीट उभी करतो, त्याला परमेश्वर पडू देत नाही." कुठलं ते आता नक्की आठवत नाही. बहुधा एखाद्या लहान संदेष्ट्याचं असावं.


पिकाडा नोवा, २६ मे १९८८

प्रिय हारो,

तुझ्या वचनाने इथे काय करून ठेवलंय ते तुला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ताईस आणि तिच्या मैत्रिणींनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, भोवती वेल काढली आणि संदर्भ लिहायला जागा सोडली. मग संदर्भ शोधायला बसल्या. पवित्र शास्त्रात लहान संदेष्टे बारा, प्रत्येकाचं एक पुस्तक. बाराही त्यांनी दोन संध्याकाळींत वाचून काढले. शिडी नाही. त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "माझा भाऊ चुकणार नाही. तुम्ही नीट वाचलं नसेल." आणि त्यांच्यासमोर मीच वाचायला बसले. नव्हतं.

रविवारी पाद्रीणबाईंनी हे सगळ्यांसमोर मांडलं आणि अख्खं पवित्र शास्त्र गटांमध्ये वाटून टाकलं. राजांच्या हकिकती महिला मंडळाकडे, प्रेषितांची पत्रं तरुणांकडे, कायदे आमच्याकडे. हारो, गेले तीन आठवडे हे गाव नुसतं वाचतंय. वाल्मोर ट्रॅक्टरखाली पडून वाचतो, पानांना तेल लागलंय. ओटो मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जर्मनमधून मोठ्याने वाचतात. त्यांचं म्हणणं, माश्या शांत होतात, फक्त वंशावळी आल्या की बिथरतात. एर्नाबाईंनी परवा दुकानात मला धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "इझोल्ड, या राजांनी काय काय केलंय ते तुला माहीत होतं? आणि तू आम्हाला लहानपणी फक्त वीणा वाजवणारा राजा दाखवलास."

कोणाला काही नवीन सापडलं की तो दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगतो. शिमारॉनच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरतो आणि भांडणं होतात. काल वाल्मोर आणि त्याचा सासरा, जे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते शास्त्रातलं गाढव खरंच बोललं का यावरून एकमेकांवर ओरडत होते. वाल्मोरची बायको कुंपणापाशी उभी राहून आनंदाने रडत होती.

एक कबूल करते. तुला पहिल्या पत्रात लिहिलं की माझी खोली मुलांनी भरलेली असते. तीन मुलं होती. त्यातली दोन कुक्यासाठी यायची. आता रविवारी बाक कमी पडतात.

पेंटेकॉस्ट होऊन गेला, भिंतीवरची मधली जागा रिकामीच आहे, शिडी मात्र सापडलेली नाही. एक शिडी मिळाली होती, तिच्यावर देवदूत चढउतार करत होते, पण तुझ्या वचनाशी जुळत नाही. माझं मत असं की तुझ्या वेळच्या जर्मन भाषांतरात ते वेगळ्या शब्दांत असणार. म्हणून पाद्रीणबाईंनी ठरवलंय की काकांच्या गावच्या मंडळीला पत्र लिहून १९३८ च्या वहीतली तुझी नोंद मागवायची. शुक्रवारी पत्र टाकणार आहेत. म्हणजे एकदाचा निकाल लागेल आणि ताईसचं तोंड बंद होईल. ती म्हणतेय की तू ते वचन रचलंस. मी तिला खोलीबाहेर उभं केलं.

इझोल्ड


पोर्तो आलेग्रे, ३० मे १९८८

इझोल्ड,

हे पत्र टंकलेखन यंत्रावर नाही, हाताने लिहितोय, यावरून काय ते समज. पाद्रीणबाईंनी ते पत्र टाकलं नसेल तर टाकू देऊ नकोस.

त्या मुलीला आत घे. तिचं खरं आहे.

माझं दृढीकरण झालेलं नाही. पाद्री हेनिंग रांगेने प्रश्न विचारायचे, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. आम्ही अकरा जण होतो. मी सातवा. म्हणून मी सातवं उत्तर तेवढं पाठ केलं, पण ते इतकं पक्कं की उलटंही म्हणता यायचं. त्या सकाळी पाचव्या नंबरच्या विल्ली श्टोर्कला गालगुंड झालं आणि तो आलाच नाही. मी आता सहावा झालो हे मोजलं नाही. मी नव्या बुटांकडे बघत होतो.

पाद्रीबुवांनी मला विचारलं, "बाप्तिस्मा म्हणजे काय?" आणि मी छाती पुढे काढून, एकही शब्द न चुकता, शेजाऱ्याचा बैल आणि गाढव यांचा लोभ धरू नये हे सांगितलं. चर्चमध्ये कोणी हसलं नाही. तेच वाईट झालं. पाद्रीबुवा म्हणाले, "पुढच्या वर्षी ये, बाळ." मी पाद्रीबुवांच्या कपड्यांच्या खोलीतून मागच्या दाराने बाहेर पडलो तो पुन्हा गेलो नाही. घरी लिहिलं की झालं. आईने उत्तरात लिहिलं की तिने शेजारणींना सांगितलं. मग काय करणार?

इकडे कुणी कधी कागद मागितला नाही. चष्मेवाला, वेळेवर येणारा, आवाज मोठा. आधी पंच केलं, मग समिती दिली. एकोणीस वर्षं मी मुलांच्या परीक्षा घेतोय, इझोल्ड, आणि प्रत्येक वेळी बाप्तिस्म्याचा प्रश्न दुसऱ्या परीक्षकाला देतो.

शिडीचं म्हणशील तर तुझी तार आली तेव्हा समोरच्या इमारतीला रंग देत होते.

काय करू ते सांग.

हारो


पिकाडा नोवा, ७ जून १९८८

हारो,

पत्र पाद्रीणबाईंनी टाकलं नाही. मोटारसायकल वाल्मोरकडे दुरुस्तीला होती आणि वाल्मोर वाचत होता.

मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की कुक्यात साखरेऐवजी मीठ पडलं आणि तो कोंबड्यांनीही खाल्ला नाही. आईला खोटं सांगितलंस ते एक. पण मी ताईसला खोलीबाहेर उभं केलं, आणि ती बरोबर होती, हे मला जास्त लागलं. मी तिची माफी मागितली. का ते सांगितलं नाही. ती "पण का?" म्हणाली. मी पहिल्यांदाच म्हटलं, "सांगेन, पण ते सांगणं माझं नाही."

मी कोणाला काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. पण ऐक. हे लोक अजून वाचतायत. शेवटचं पुस्तक तेवढं राहिलंय आणि या महिनाअखेर ते संपेल. मग त्रेपन्न माणसं एकमेकांकडे बघतील. त्यांना एकमेकांचा संशय येईल की कोणीतरी पानं गाळली. एर्नाबाई वाल्मोरला आत्ताच म्हणाल्या, "तेलाच्या डागाखाली शिडी असेल."

तू ये आणि स्वतः सांग. शनिवारची दुपारची बस चौकात थांबते. पलंग तयार आहे.

इझोल्ड


पोर्तो आलेग्रे, ६ जुलै १९८८

प्रिय इझोल्ड,

सुखरूप पोचलो. ओटोंनी दिलेला मधाचा डबा बसमध्ये गळला आणि माझ्या शेजारच्या बाई पोर्तो आलेग्रेपर्यंत सीटला चिकटून बसल्या. बाकी प्रवास चांगला झाला.

तुझ्याकडे असताना मला बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. त्या रविवारी मी पुढे उभा राहिलो. मी सगळं सांगितलं, विल्लीचं गालगुंड, बैल, गाढव, रंगाऱ्याची शिडी. मला वाटलं होतं, एक तर हसतील किंवा हाकलतील. चौदाव्या वर्षी हसले असते तर मी कदाचित राहिलो असतो. मग एर्नाबाई उठून म्हणाल्या, "म्हणजे वचन नव्हतंच?" मी म्हटलं, "नव्हतं." त्या म्हणाल्या, "आणि मी राजांच्या दोन्ही हकिकती वाचल्या, इतिहासाच्या पुस्तकांसकट." आणि खाली बसून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग सगळेच हसले. ओटो शेजाऱ्याला विचारत होते, "शिडी सापडली का?"

पाद्रीणबाई म्हणाल्या, "सेन्योर ब्रांट, तुमचा एक प्रश्न राहिलाय. आज देता का उत्तर?" मी म्हटलं, "मला अजूनही येत नाही." चौसष्टाव्या वर्षी, समितीचा अध्यक्ष. हे वाक्य बोलायला मला पन्नास वर्षं लागली आणि बोलल्यावर काहीच झालं नाही. छत जागेवर होतं.

मग त्यांनी तुला उठवलं. तू हात बांधून उभी राहिलीस, बाप्तिस्म्याच्या उत्तरातली पाण्याबद्दलची पहिली ओळ म्हणालीस, आणि थांबलीस. तुझा चेहरा पांढरा पडला. ज्या बाईने अर्ध्या गावाकडून हे घोकून घेतलं ती थांबली, आणि तेव्हा ताईसने पुढची ओळ पोर्तुगीजमध्ये म्हटली, ओटोंनी तीच जर्मनमध्ये म्हटली, वाल्मोरने चुकीचा शब्द घातला, त्याच्या सासऱ्याने तो सुधारला, आणि असं तुकड्यातुकड्याने त्या बाकांवरून उत्तर माझ्यापर्यंत आलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं, इझोल्ड. परीक्षक म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

मला कळलं तू काय केलंस ते. तुला येत होतं. मी एकटा पडू नये म्हणून तू सगळ्यांसमोर विसरल्याचं सोंग घेतलंस, आपली एकेचाळीस वर्षांची इभ्रत पणाला लावून. बसमध्ये मला हे आठवून रडू आलं. त्या चिकटलेल्या बाईंनी मला रुमाल दिला.

काल समितीला सगळं सांगून राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, आधी तुमचं शिकून होऊ दे, मग बघू. आमचे पाद्री म्हणाले की दृढीकरण पिकाडा नोवातच झालेलं बरं, इथे सगळ्या मुलांना मी ओरडलोय. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्गाला येत जाईन. माझा वाढदिवस मेमधला, म्हणजे तुझ्याच गटात.

तुझा,
हारो


पिकाडा नोवा, १४ जुलै १९८८

प्रिय हारो,

सोंग कसलं? मी खरोखर विसरले.

तुझ्या मनात माझ्याविषयी एवढं चांगलं आलं, ते तसंच राहू द्यावं असं मला एक दिवस वाटलं. पण एका घरात एवढी खोटी वचनं पुरेत. मी उभी राहिले, पहिली ओळ म्हटली, आणि पुढे काही नव्हतं. धुतलेली पाटी. मला वाटलं आता जमीन फाटावी. इतक्या वर्षांत ते उत्तर मी शेकडो मुलांकडून ऐकलं, पण ऐकताना मी फक्त चूक शोधत होते. कोणी एक शब्द गाळला की मी पेन्सिल आपटायची. पूर्ण उत्तर काय म्हणतंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

तेव्हा ज्या मुलीला मी बाहेर उभं केलं तिने पुढची ओळ सांगितली. आणि वाल्मोर, ज्याला मी तीन वर्षं नापास केला होता, तो चुकीच्या शब्दाने का होईना, माझ्या मदतीला धावला. मी उभी होते आणि माझे सगळे विद्यार्थी मला शिकवत होते. मला ते इतकं आवडलं की खाली बसायचं राहून गेलं. पाद्रीणबाईंनी बाही ओढली तेव्हा बसले.

आता रविवारी मी माझ्या खोलीत जात नाही, गटात बसते. खोलीत एर्नाबाईंनी चुलाण मांडलंय. नव्याण्णव मेंढरांकडे कोण बघत होतं, यावर आम्ही तीन रविवार बोलतोय. ओटोंचं म्हणणं, ती एकमेकांकडे बघत होती. त्यांनी प्रश्न बरोबर ऐकला होता की नाही ते माहीत नाही, पण उत्तर वहीत लिहून घेतलंय.

तू ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ये. बाकावर तुझी जागा ताईस आणि माझ्या मध्ये ठेवलीय. काही अडलं तर माझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. मीही तिच्याकडेच बघणार आहे.

तुझी,
इझोल्ड